हात धुऊन पाठीस

फ्लू मला झाला आणि अधिकार आमच्या नऊ वर्षांच्या कन्येला मिळाले. थर्मामीटरवर १०२ दिसताक्षणी तिनं माझी रवानगी आतल्या खोलीत केली आणि दारावर कागद चिकटवला : 'बाबा आत आहेत. जपून.'

हात धुऊन पाठीस लागणे म्हणतात, त्यात हात पाठीस लागणाऱ्यानं धुवायचे असतात. आमच्याकडे हात मी धुतो, पाठीस ती लागते. बेसिनपाशी घड्याळ घेऊन उभी. साबणानं वीस सेकंद! ऐकायला किरकोळ वाटतं. तळहात झाले, मागची बाजू झाली, बोटांच्या बेचक्या झाल्या, नखंही झाली, तरी घड्याळात बाराच.

"बाबा, अंगठे राहिले."

उरलेले आठ सेकंद मी दोन अंगठ्यांवर काढले. एवढी माया मी त्यांना जन्मात लावली नव्हती.

विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, साबण तेच मोडून काढतो, असं सांगून जरा छाप पाडायला गेलो, तर तिनं नळाकडे बोट दाखवलं. "उघडलात घाणेरड्या हातानं. आता बंद कशानं करणार?"

प्रश्न बिनतोड होता. मी शिताफीनं कोपरानं नळ बंद केला. त्याच कोपरात पाच मिनिटांपूर्वी शिंकलो होतो, तिच्याच हुकुमावरून. दोघंही त्या नळाकडे बघत राहिलो. कोपरापासून नमस्कार करावा, तर कोपरच बाटलेलं.

हा विषाणू कडक, गुळगुळीत वस्तूंवर दोन दिवसांपर्यंत तग धरू शकतो, हे कळल्यापासून बायको दारांच्या कड्या, बटणं आणि रिमोट पुसत सुटली होती. माझा टॉवेल वेगळा, पेला वेगळा, कचऱ्याचा डबाही वेगळा आणि झाकणाचा. लग्नानंतर प्रथमच घरात माझ्या मालकीचं इतकं काही होतं. मोबाइल तेवढा कुणाच्या यादीत आला नाही. तो मी दिवसभर तोंडाशी धरून खोकत होतो आणि विचारपूस करणाऱ्यांना 'हो, स्वच्छता पाळतोय' म्हणत होतो.

आणखी एक गोष्ट मी पोटात ठेवली. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू वाटत फिरू शकतो. आदल्या दिवशी मी ठणठणीत होतो आणि हाताला येईल त्या टॉवेलला तोंड पुसलं होतं. घरात शांतता नांदावी, असं मला वाटतं.

तिसऱ्या दिवशी कन्येनं वही काढली. मी तोंडाला किती वेळा हात लावतो, याची नोंद. तासाभरात एकोणीस रेघा! नाक चार, डोळे सहा, बाकी 'उगाचच'. मी मान्य करेना, म्हणून तिनं पानाखाली माझी सही मागितली. तिच्याच पेन्सिलीनं मी सही ठोकली आणि पेन्सिल परत दिली. बेरीज बरोबर आहे ना, हे बघताना तिनं तिचं मागचं टोक दातांत धरलं.

मी ओरडायला तोंड उघडलं, तोच खोकल्याची उबळ आली. सवयीनं कोपरात खोकलो.

"शाबास," पेन्सिल चावतच ती म्हणाली, आणि एक रेघ कमी केली.