बंधन दुकानावर हवं की पिणाऱ्यावर?

महाराष्ट्रात दारूबंदीचा वाद पेटला की दोन्ही बाजू युरोपकडे बोट दाखवतात. एक म्हणते, तिकडे कोणी कोणाला विचारत नाही. दुसरी म्हणते, स्वीडनसारखा पुढारलेला देशही दारू सरकारच्या मुठीत ठेवतो. स्वीडनमध्ये राहताना दिसतं ते असं की दोघांनीही अर्धंच ऐकलंय.

इथे साडेतीन टक्क्यांहून जास्त अल्कोहोलची बिअर, वाइन किंवा कडक दारू घरी न्यायची तर मुख्यतः सिस्टमबोलागेट या सरकारी दुकानातूनच. वय २० पूर्ण हवं (बारमध्ये मात्र १८ चालतं), पंचविशीच्या आतले दिसलात तर ओळखपत्र. शनिवारी दुपारी तीनला शटर खाली, रविवारी बंद. सवलती नाहीत, 'दोनावर एक फुकट' नाही, बिअरही थंड मिळत नाही. बंधनं भरपूर, पण जवळजवळ सगळी विक्रीवर. तुम्ही महिन्याला किती नेली, याची वही कोणी ठेवत नाही.

पूर्वी ठेवत. १९२२च्या सार्वमतात संपूर्ण दारूबंदी थोडक्यात हरली, पण दारूचं पासबुक १९५५पर्यंत चाललं. प्रत्येक खरेदीची त्यात नोंद व्हायची. कोणाला किती लिटर, ते मिळकत, वागणूक आणि बाई की पुरुष हे पाहून ठरायचं. लग्न झालेल्या बाईला तर सहसा पासबुकच नसे. पासबुकं गेल्यावर दारूडेपणा वाढला, हे खरं. त्यावर सरकारने कर वाढवून किंमती चढवल्या. पासबुकं परत आणली नाहीत. १९७७पासून नुसतं झिंगलेलं असणं हा गुन्हाही नाही. पोलीस उचलतात, ते शुद्धीवर येईपर्यंत सांभाळायला.

आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याने परवाना पिणाऱ्याकडेच मागितला जातो. एरवी त्याची आठवण कोणाला होत नाही, एखाद्याला अडकवायचं असलं की होते. असा कायदा कोणालाही सज्जन करत नाही, फक्त शिपायाच्या हातात एक चावी देतो. तो परवाना रद्द करावा, वयाची अट मात्र दुकानदाराकडून काटेकोर पाळून घ्यावी.

'उभी बाटली, आडवी बाटली', म्हणजे दारूचं दुकान ठेवायचं (उभी) की बंद करायचं (आडवी) यावर बायकांचं मतदान, मला याहून कितीतरी रास्त वाटते. तिथे बायका कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करत नाहीत, दारातलं दुकान नको म्हणतात. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. अडतं ते गणितात. यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. यादीत ८०० नावं असतील तर ४०१. मतदानाला ६०० आल्या आणि ३९० जणींनी आडवी केली, तरी दुकान चालूच. कामासाठी बाहेरगावी गेलेली, माहेरी असलेली, यादीतून न काढलेली मृत बाई, सगळ्यांची मोजणी उभ्या बाटलीकडे. निकष झालेल्या मतांवर हवा, आणि सह्या गोळा करण्याआधी यादी दुरुस्त व्हायला हवी.

जिल्हाभर बंदीला मात्र माझा विरोध आहे. चंद्रपुरात ती २०१५ला आली आणि २०२१ला उठली. उठवताना सरकारने अवैध दारूचंच कारण पुढे केलं. एका गावातलं दुकान बंद झालं तरी हाच धोका असतो, फक्त आकार लहान. म्हणून मतदानाची तारीख ठरताच ग्रामसभेने पोलीस ठाणं आणि उत्पादन शुल्क विभाग, दोघांकडून लेखी घ्यावं: दुकानाला कुलूप लागल्यावर गावात चोरटी विक्री सुरू झाली तर तक्रार कोणाकडे करायची आणि किती दिवसांत छापा पडणार.