पॉइंटवाले आणि बिनपॉइंटवाले

जुन्या फियाटचं बॉनेट रस्त्यावर उघडलं की ती बातमी आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात पसरायला चहा उकळेपर्यंतचाही वेळ लागत नाही. मग सल्लागार जमतात. त्यांचे पंथ दोन : पॉइंटवाले आणि इलेक्ट्रॉनिकवाले. शैव-वैष्णवांचं एक वेळ जमेल, यांचं नाही.

प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतला फिरता रोटर उपसला की खाली सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट दिसतात, म्हणजे प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच. डाळीच्या दाण्याएवढी दोन तोंडं. मधला कॅम, म्हणजे उंचवट्यांचा दांडा, फिरला की ती उघडतात, कॉइलचा प्रवाह तुटतो आणि तिकडे प्लगमध्ये ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ही तोंडं सेकंदाला १०० वेळा उघडमीट करतात. एवढं काम करून झिजणार नाही तो एक तर संत, नाहीतर साहेब. कॅमला घासणारी पॉइंटची टाच झिजते, तोंडांमधला गॅप कमी होतो, ठिणगीचं टाइमिंग चुकून ती उशिरा पडायला लागते आणि गाडी चढावर दमेकरी होते. तोंडांवरची ठिणगी आवरणारा कंडेन्सर गेला तर तोंडं जळून काळी पडतात, ते वेगळंच.

गॅप हवा साधारण ०.४ मिलिमीटर. फीलर गेज, म्हणजे मापाची पातळ पट्टी, घालायचं, माप बरोबर आलं की स्क्रू आवळायचा. आवळताना प्लेट केसभर सरकते आणि माप जातं. पुन्हा सैल, पुन्हा गेज, पुन्हा आवळा. शेवटी कंटाळून ‘चालेल’ म्हणावं, तर तो इवलासा स्क्रू हातातून निसटून प्लेटच्या भोकातून आत पडतो. तिथे शेजारचे काका लोहचुंबक घेऊन हजरच असतात. माझा स्क्रू पडण्याची ते वाट बघत असतात, असा मला दाट संशय आहे.

मेहुणे दुसऱ्या पंथाचे. “भावोजी, हे सगळं फेका. चुंबकाची एक रिंग, एक सेन्सर, दोन वायरी. घासायला काही नाहीच.” लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला; उलटी जोडली तर या इलेक्ट्रॉनिक युनिटचं श्राद्धच. मेहुण्यांनी स्वतः लावून दिलं आणि गाडी भर थंडीतही पहिल्या चावीला सुरू व्हायला लागली. मी खूश, काका मात्र खंगत चालले. “आवाज काही वेगळा येत नाही ना रे?” असं रोज आशेने विचारायचे.

ओंकारेश्वरला निघालो आणि भेरूघाटात गाडी बंद पडली. पॉइंट मरायच्या आधी खोकतात, धक्के देतात, घरच्यांना निरोप घ्यायला वेळ देतात. युनिट गेलं ते दिवा विझल्यासारखं. सिमरोलहून आलेल्या मिस्त्रीने झाकण उघडलं, आत हात जोडावेत तसं पाहिलं आणि पुन्हा लावलं. “साहब, इसमें करने जैसा कुछ है ही नहीं.” जमलेली मंडळी हिरमुसली. इतकी माणसं आणि कुणाच्याही हाताला काम नाही!

काढलेला पॉइंट आणि कंडेन्सर डिक्कीत होते. छावणीतल्या आमच्या उस्तादाने बजावलं होतं, “नया लगाओ, पर पुराना फेंकना मत.” पिशवी बाहेर आली आणि घाटात चैतन्य पसरलं. कुणी तोंडं घासायला पॉलिश पेपर दिला, कुणी टॉर्च धरला. फीलर गेज घरीच राहिलेलं, म्हणून काड्यापेटीचा पुठ्ठा फाडून गॅप धरला. एका ट्रकवाल्याने ट्रक बाजूला लावून ‘थोड़ा और, थोड़ा और’ असं म्हणायची जबाबदारी घेतली.

चावी फिरवली. गाडी सुरू झाली. टाळ्याही पडल्या. हिला हायसं वाटलं, काच वर करत म्हणाली, “अहो, निघा आता.”

मी गिअर टाकणार, तेवढ्यात ट्रकवाला बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, “बंद करो साहब. टाइमिंग भी देख लेते हैं.”

मिस्त्रीने झाकण केव्हाच काढायला घेतलं होतं.