‘बटणच तर दाबायचं असतं’: एक्स-रेच्या प्रॅक्टिकलवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पॅरामेडिकलच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: एक्स-रे टेक्निशियनच्या कोर्समधली प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षा बंद करा. मशिनं आता डिजिटल आहेत, ती सगळं सांभाळतात. लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत, केसेस भरल्या की मुलगा तयार झाला. परीक्षा हवीच तर ऑनलाइन एमसीक्यू (पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न) घ्या, तिथे वशिला चालत नाही. रिपोर्ट शेवटी रेडिओलॉजिस्टच देतो, चूक असली तर त्याला दिसेलच. आणि कोकणात मुळात माणसं मिळत नाहीत, त्यात परीक्षा कडक करून काय मिळवणार?

मला तो विद्यार्थ्यांकडून आला, एका पालकांकडून आला आणि चक्क एका सर्जनकडूनही आला. मी एक्स-रे विभागात काम करतो आणि तिथेच मुलांना शिकवतो, तेव्हा मी काही त्रयस्थ नाही. तरी मुद्दे एकेक करून बघू. त्यातला एक खरा आहे, आणि बाकीचे त्याच्या आडून खपतायत.

सगळ्यात जास्त अंगठे मिळालेत ते ‘मशीन सगळं सांभाळतं’ या ओळीला.

मशीन चित्र सांभाळतं. पेशंटच्या अंगावर किती रेडिएशन गेलं याचं त्याला सोयरसुतक नसतं. फिल्मच्या जमान्यात एक्सपोजर जास्त झालं की फिल्म काळीठिक्कर पडायची, कमी झालं की पांढुरकी. डार्करूमच्या दारातच चूक पकडली जायची. आता कॉम्प्युटर उजेड-अंधार जुळवून देतो. दुप्पट डोस दिला तरी चित्र छान येतं, उलट दाणे कमी दिसतात म्हणून जरा जास्तच छान. डोस कमी पडला तर मात्र चित्र दाणेदार येतं आणि वरून ओरडा बसतो. मग मुलं काय शिकणार? थोडं वाढवूनच मारायचं. हे त्यांना कुणी शिकवत नाही, ती आपसूक शिकतात.

यावर उपाय म्हणून मशीन एक आकडा दाखवतं. 2008 मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं: डेव्हिएशन इंडेक्स शून्य आला तर एक्सपोजर ठरल्याप्रमाणे, अधिक 3 म्हणजे जवळपास दुप्पट, उणे 3 म्हणजे निम्मं. जुन्या सीआर (कॅसेटमधली प्लेट वाचणाऱ्या) यंत्रांवर ज्या त्या कंपनीचा आपापला हिशेब. फुजीचा एस नंबर वाढला तर डोस कमी झालेला असतो, म्हणजे नेमकं उलटं. विद्यार्थी या आकड्याकडे बघतो का, बघून पुढच्या पेशंटला काही बदलतो का, हे त्याच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

कोलिमेशनची तीच गत. मनगटाचा एक्स-रे असेल तर किरणांचा चौकोन मनगटापुरता आवळायचा असतो. कंटाळा आलेला विद्यार्थी तो कोपरापर्यंत उघडा ठेवतो आणि नंतर स्क्रीनवर माउसने कडा कापून टाकतो. परीक्षकासमोर येते ती कापलेली, देखणी इमेज. म्हणून मी मुलांचं काम बघताना आधी क्रॉप काढायला लावतो. चेहरे तिथेच उतरतात. मार्करचंही तसंच. उजवी-डावी बाजू सांगणारा शिशाचा आर किंवा एल एक्सपोजरच्या वेळीच फील्डमध्ये, म्हणजे किरणांच्या चौकोनात, ठेवायचा असतो. मागून कीबोर्डने टाकलेलं अक्षर आठवणीच्या भरवशावर टाकलेलं असतं, आणि बाहेर रांग लागलेली असताना आठवणीचं काय होतं ते सांगायला नको.

ज्या मशीनवर ऑटोमॅटिक एक्सपोजर आहे (सेन्सरवर पुरेशी किरणं पोचली की ते आपोआप थांबतं) तिथेही सेन्सर निवडायचा माणसानेच. छातीच्या पीए व्ह्यूला (पाठीकडून पुढे किरण) बाजूचे दोन घ्यायचे. चुकून मधला राहिला तर तो मणक्याच्या रेषेत येतो, तिथून किरणं कमी पोचतात, मशीन ‘अजून हवं’ म्हणून एक्सपोजर लांबवतं आणि फुप्फुसांना गरज नसताना जास्तीचा डोस बसतो.

आणि आता जे कुठल्याच आकड्यात येत नाही ते. कुडाळ-मालवणकडच्या कुठल्याही ओपीडीत रोज दिसेल असं दृश्य: खोकल्याने बेजार झालेली, पाठीत वाकलेली आजी. विद्यार्थी तिला स्टँडसमोर उभी करतो. हनुवटी वर, खांदे पुढे, अंतर 180 सेंटिमीटर, सगळं पुस्तकाबरहुकूम. मग काचेआड जाऊन म्हणतो, ‘दीर्घ श्वास घेऊन रोखून धरा.’ आजी मान हलवते. तिला कितपत ऐकू गेलं, काय समजलं, देव जाणे. हा कन्सोलच्या स्क्रीनकडे बघत बटण दाबतो. श्वास अर्धाच होता. श्वासपटल वर राहिलं, फुप्फुसांचे तळ धुरकट आले, हृदय आडवं आणि मोठं दिसतंय. चित्र झकास, इंडेक्स शून्य. मशीनच्या लेखी काहीच चुकलेलं नाही. दुसरा विद्यार्थी तिच्याजवळ जाऊन ‘आये, जोरान श्वास घे, धरून ऱ्हव, हालू नको’ असं सांगतो, एकदा तिच्याकडून करून घेतो, आणि बटण दाबताना नजर तिच्या खांद्यांवर ठेवतो. या दोघांना एमसीक्यूत सारखेच गुण पडतील.

लॉगबुकाचं म्हणाल तर ते हवंच. पण लॉगबुकावरून मुलगा त्या खोलीत होता एवढंच कळतं. पोझिशन त्याने दिली की दार धरून उभा होता, ते कळत नाही. आणि सह्या कशा होतात हे आपल्या आपल्यात बोलायला हरकत नसावी: महिनाअखेरीला, पंधरा-वीस पानं एका दमात, चहा पितापिता. जॉर्ज मिलर या अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने 1990 मध्ये चार पायऱ्या मांडल्या होत्या. माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि रोजच्या कामात खरंच करतो. लेखी पेपर पहिल्या दोन पायऱ्यांशी थांबतो. लॉगबुक चौथ्या पायरीचा दाखला म्हणून मिरवलं जातं, पण बघणारं कुणी नसेल तर ते हजेरीपत्रकच.

शिवाय केसेसचा आकडा फसवा असतो. आंब्याच्या दिवसांतली गोष्ट घ्या. झेला घेऊन कलमावर चढलेला माणूस, कधी बागेचा मालक तर कधी नेपाळी राखणदार, फांदी मोडून टाचांवर खाली येतो. कागदावर लिहिलेलं असतं: उजवी टाच, लॅटरल (बाजूने) आणि ॲक्शियल (टाचेच्या लांबीच्या दिशेने). विद्यार्थी दोन्ही व्ह्यू नीट काढतो आणि लॉगबुकात एक ओळ वाढते. उंचावरून टाचांवर पडलेल्याचा कमरेचा मणकाही दबलेला असू शकतो, हे त्याने वाचलेलं असतं, पेपरात बरोबर लिहिलेलंही असतं. पण टेबलावर घेताना पेशंट कण्हतो आणि कमरेला हात लावतो, तेव्हा हा थांबतो का? आपल्या मनाने जादा एक्स-रे काढायचा त्याला अधिकार नाही. मात्र कॅज्युअल्टीत फोन लावून ‘डॉक्टर, हा कमर पण दुखतेय म्हणतोय, बघता का?’ एवढं विचारता येतं. तोवर त्याला कुशीवर वळवायचं नाही, आणि पुढे मणक्याचा लॅटरल लागलाच तर पेशंटला न हलवता किरण आडवा टाकून काढायचा. लॉगबुकात याला रकाना नाही.

वशिल्याचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्यांचा मला रागच येतो. आपल्याकडची प्रॅक्टिकल म्हणजे बऱ्याच ठिकाणी चिठ्ठी उचलायची. हाताचा पीए आला तो सुटला, खांद्याचा ॲक्सिलरी (काखेतून घ्यायचा अवघड व्ह्यू) आला तो गेला. पेशंट म्हणून वर्गातलाच धडधाकट मित्र, जो न सांगताच बरोबर कूस वळतो. तोंडीला प्रश्न काय, तर राँटजेनने एक्स-रे कधी शोधला. (8 नोव्हेंबर 1895. हे माहीत असून आजवर एकाही पेशंटची छाती सरळ आलेली नाही.) परीक्षक बाहेरगावचे, त्यांना दुपारची मांडवी एक्सप्रेस गाठायची असते. कुणाचा भाचा आहे हे त्यांना जेवणाच्या वेळी सांगून झालेलं असतं.

पण यावरचा इलाज पन्नास वर्षांपूर्वीच निघालाय. डॉक्टरांच्या परीक्षेतही हीच रड होती. 1975 मध्ये स्कॉटलंडच्या डंडी शहरात रोनाल्ड हार्डन यांनी ऑस्की नावाची पद्धत मांडली. एका लांब केसऐवजी अनेक छोटी स्टेशनं, प्रत्येक विद्यार्थ्याला तीच, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक आणि त्याच्या हातात आधी छापलेली यादी. भाचा असला तरी सगळेच परीक्षक काही त्याचे मामा नसतात. शिवाय एका केसमध्ये चमकलेला दुसरीत चमकेलच असं नसतं, म्हणून चार-दोन नव्हे, दहा-बारा नमुने बघितलेले बरे.

एक्स-रेसाठी स्टेशनं सुचवायची तर हवी तेवढी आहेत. एका ठिकाणी विनंतीचा कागद, त्यावर ‘डावा गुडघा’, आणि पेशंटचं नाटक करणारा उजवा गुडघा दाखवतोय. एका ठिकाणी फिरलेली छाती: दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघून सांग, आणि ती पुन्हा काढणार की चालवून घेणार, कारणासकट. एका ठिकाणी तरुण स्त्रीला शेवटच्या पाळीची तारीख विचारायची, सोबत सासू उभी असताना. एका ठिकाणी टीएलडी बॅज (टेक्निशियनला बसलेला डोस मोजणारा बिल्ला): छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत. एक गोष्ट मात्र पक्की धरायची. परीक्षेसाठी म्हणून धडधाकट माणसावर एक्सपोजर देता येत नाही, कुणालाच नाही. बटण दाबायचं तर फँटमवर (माणसाच्या जागी ठेवायच्या नमुन्यावर), नाहीतर ज्याला एक्स-रे लागणारच आहे अशा रोजच्या पेशंटवर, देखरेखीखाली.

एमसीक्यू फेकून द्या असं मी म्हणत नाही. किरणोत्साराबरोबर काम करणाऱ्याची डोसमर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक), आपल्याकडे कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही, सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला 1. हे पेपरातच तपासावं. अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथाई होते, हेही. पण या प्रश्नाला बरोबर खूण करणारा मुलगा वॉर्डात पोर्टेबल मशीनच्या बटणाची लांब दोरी गुंडाळलेलीच ठेवून एक्स-रे ट्यूबच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो, हे मी पाहिलेलं आहे.

रेडिओलॉजिस्टला चूक दिसेल म्हणता? काही दिसतात. जे फील्डच्या बाहेर राहिलं ते त्याला दिसत नाही, आणि उलट्या बाजूला लावलेला मार्कर त्याने खोटा का मानावा? घशात माशाचा काटा अडकलेला पेशंट आपल्याकडे नवा नाही. काही माशांचा काटा एक्स-रेत मुळातच दिसत नाही. जो दिसला असता तो, खांदे खाली सोडायला न सांगितल्यामुळे मानेचा खालचा भाग झाकला गेला, तर दिसत नाही. ‘पुन्हा काढा’ असा निरोप येईपर्यंत माणूस शेवटच्या एसटीने घरी पोचलेला असतो.

उरला कोकणाचा मुद्दा. माणसं मिळत नाहीत, हे खरंय. पण त्यामुळेच तर इथल्या परीक्षेत ढिलाई परवडत नाही. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नवशिक्या टेक्निशियनच्या डोक्यावर सीनियर असतो, पलीकडच्या खोलीत रेडिओलॉजिस्ट असतो. आपल्या तालुक्याच्या गावात नोकरीच्या पहिल्याच रात्री तो एकटा असतो. इमेज फोनवरून कुठेतरी जाते आणि सकाळी रिपोर्ट येतो. पेशंटला गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात किंवा कोल्हापूरला हलवायचं की नाही हे त्या एका चित्रावर ठरतं. चित्र कामाचं नसेल तर तिथे पोचल्यावर सगळं पहिल्यापासून, डोससकट.

उलट लहान रुग्णालयाची एक सोय आहे, ती आपण वापरत नाही. गर्दी कमी असते. सीनियर टेक्निशियनने आठवड्यातून एका केसला विद्यार्थ्याशेजारी गप उभं राहायचं, मध्ये बोलायचं नाही, पेशंट गेल्यावर पाच मिनिटं सांगायचं आणि तारीख घालून दोन ओळी लिहायच्या. वर्षाचे असे पन्नासच्या आसपास कागद जमतात, आणि त्यापुढे चिठ्ठीतला ॲक्सिलरी व्ह्यू किरकोळ ठरतो. सीनियरला हे काम म्हणून मोजून द्यावं लागेल, नाहीतर तेही चहाबरोबरच्या सह्यांच्या वाटेने जाईल.

नापास झालेल्याचं वर्ष वाया जातं, या तक्रारीत तथ्य आहे. घरी पैसे पाठवायचे असतात, भाड्याची खोली असते. तेव्हा जे स्टेशन चुकलं तेवढंच दीड-दोन महिन्यांनी पुन्हा घ्या, बाकीचे गुण कायम ठेवा. विद्यापीठाकडे असा अर्ज कुणी करत असेल तर त्यावर माझी सही घ्या.