गाडीच्या हप्त्यावर आयकरात सूट? कुठल्या देशात?

गेल्या रविवारी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, पाडव्याला गाडी काढतोय. बुकिंगचे अकरा हजार भरून आलो." मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं, "हप्ता जरा जड जाईल गं, पण व्याज सगळं आयकरातनं वजा होतंय ना आता."

हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर त्यानं मेसेज पाठवला. तोच मेसेज मी त्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या भावकीत आणि शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर पाहिला होता आणि न वाचता पुढं गेले होते. ती माझी चूक झाली. मेसेज म्हणतो की जीएसटी कमी झाल्यामुळे प्रत्येक गाडीमागं दीड लाख वाचतात, गाडीच्या कर्जाचं व्याज आयकरातून वजा होतं, अमेरिकेनं २००९ साली हेच केलं म्हणून ती मंदीतून वर आली, एक गाडी विकली की दहा घरांची चूल पेटते, आणि हे सगळं ३१ मार्चपर्यंतच. शेवटी 'गाडी घ्या, देश पुढं न्या' आणि तिरंगा.

मी कोल्हापुरात सोळा वर्षं छोट्या कारखानदारांचे हिशेब लिहिते, रिटर्न भरते. त्यामुळे व्याजाच्या मुद्द्यावर आधी बोलणार, कारण त्याच मुद्द्यावर माणसं सही करून बसतात.

पगारदार माणसानं घरच्या वापरासाठी पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी गाडी घेतली, तर तिच्या कर्जाच्या व्याजाला आपल्याकडे आयकरात कसलीही वजावट नाही. एक सवलत होती, कलम ८०ईईबी. ती फक्त विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी होती, वर्षाला दीड लाखापर्यंत, आणि कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं असलं तरच. त्यानंतर घेतलेल्या कर्जाला तीही नाही. मग हे खूळ आलं कुठून? जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. त्यात नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत उत्पन्नातून वजा करायची मुभा आहे, तीसुद्धा गाडीची अंतिम जुळणी अमेरिकेत झाली असेल तर, आणि २०२५ ते २०२८ या चार वर्षांपुरती. मला दिसतं ते असं की कुणीतरी ती बातमी उचलली, डॉलर काढले, तिरंगा लावला आणि पाठवून दिली.

बरं, क्षणभर धरून चालू की अशी सवलत आपल्याकडेही आहे. भावाचा पगार महिना ४२ हजार, म्हणजे वर्षाला पाच लाखांच्या आसपास. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर त्याला या वर्षी एक रुपयाही कर नाही. जो माणूस कर भरतच नाही, त्याचा कर वाचणार कसा? मी त्याला फॉर्म १६ काढायला लावला आणि फोनवरच भरलेल्या कराचा रकाना वाचायला सांगितलं. शून्य. तो बराच वेळ गप्प होता. त्याच्या डोक्यात असं बसलं होतं की पहिल्या वर्षीचं ५४ हजार व्याज सरकार त्याच्या खात्यावर परत टाकणार. वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही, एवढा साधा फरक या मेसेजनं पुसून टाकला. सहा लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं: हप्ता ९,८०० रुपये, एकूण व्याज सव्वादोन लाखांच्या जवळ. चार माणसांच्या घरात ४२ हजारांतून ९,८०० काढल्यावर काय उरतं ते त्याच्या बायकोला विचारा. मला याचाच राग आहे. ज्यांना करसवलतीचा उपयोग शून्य, त्यांनाच तिच्या नावावर कर्ज काढायला लावतात.

धंद्यात असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, हे मान्य. गाडी धंद्यासाठी वापरत असेल तर व्याज खर्चात टाकता येतं, १५ टक्के घसारा, म्हणजे गाडीची झीज म्हणून दर वर्षी खर्चात धरता येणारी रक्कम, मिळतो. २०१९ साली गाड्यांची विक्री कोसळली तेव्हा केंद्रानं हा घसारा मार्च २०२० पर्यंत घेतलेल्या गाड्यांसाठी ३० टक्के केला होता. पण तिथंही कारवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या धंद्याच्या जीएसटीतून वळता करायची मुभा, बहुतेकांना मिळत नाही, टुरिस्टवाले, ड्रायव्हिंग स्कूल आणि विक्रेते सोडून. माझे अर्धे क्लायंट दर वर्षी त्यावरून माझ्याशी वाद घालतात.

आता अमेरिका. २००९ च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारनं जुनी, पेट्रोलखाऊ गाडी द्या आणि नव्या गाडीवर साडेतीन ते साडेचार हजार डॉलर घ्या, अशी योजना आणली. ठेवलेले एक अब्ज डॉलर आठवडाभरात संपत आले, मग आणखी दोन अब्ज घातले. जुन्या गाड्यांची चालती इंजिनं सोडियम सिलिकेट ओतून कायमची निकामी केली. शोरूमबाहेर रांगा लागल्या हे खरं, आणि मेसेजवाले रांगा दाखवून थांबतात. पुढं काय झालं ते अतीफ मियाँ आणि अमीर सूफी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मोजलं. त्यांनी ज्या शहरांत अशा जुन्या गाड्या भरपूर होत्या आणि ज्या शहरांत थोड्या होत्या, त्यांची तुलना केली. जुलै-ऑगस्टमध्ये साधारण ३ लाख ७० हजार गाड्या जास्तीच्या विकल्या गेल्या. आणि त्यानंतरच्या सात महिन्यांत जवळजवळ तेवढ्याच कमी विकल्या गेल्या. मार्च २०१० पर्यंत हिशेब बरोबरीला आला. ज्या शहरांना योजनेचा जास्त लाभ झाला, तिथं नोकऱ्या वाढल्याचा पुरावाही त्यांना मिळाला नाही. जी माणसं सहा महिन्यांनी गाडी घेणारच होती, ती आधी येऊन घेऊन गेली. तीन अब्ज डॉलर खर्चून तारीख अलीकडे आली.

हे कळायला अमेरिकेला जायची गरज नाही. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या कुटुंबाची गाडी २०२५ च्या गणपतीला यायची होती. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि त्यांनी शोरूमला कळवलं, आता थांबा. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तो दिवस एरवी गाड्यांच्या डिलिव्हरीचा, पण त्यांचं पार्किंग रिकामंच राहिलं. २२ सप्टेंबरला नवे दर लागू झाले आणि दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, झेंडूच्या माळा घातलेली तीच गाडी, तोच रंग, तेच मॉडेल दारात उभं राहिलं. ऑक्टोबरच्या विक्रमी विक्रीत ती गाडीही मोजली गेली असणार. ऑगस्टमध्ये न विकलेली म्हणून तिची बातमी कुणी केली नाही.

दीड लाखाचा आकडाही बघू. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी घ्या, करापूर्वी किंमत सहा लाख. आधी २८ टक्के जीएसटी आणि वर एक टक्का सेस (उपकर), म्हणजे ७,७४,०००. आता १८ टक्क्यांनी ७,०८,०००. वाचले ६६ हजार. ही रक्कम लहान नाही आणि ज्याच्याकडे रोख पैसे आहेत, ज्याला गाडी खरोखर हवी आहे, त्यानं ती जरूर घ्यावी. पण दीड लाखाच्या जवळ जायचं तर करापूर्वी चौदा लाखांची मोठी एसयूव्ही घ्यावी लागते, जिच्यावर आधी सेससकट ५० टक्के होते आणि आता ४० आहेत. तिथं वाचतात १ लाख ४० हजार. आणि सत्तर हजारांची मोटारसायकल घेणाऱ्याचे वाचतात सात हजार. म्हणजे जेवढी मोठी गाडी तेवढा मोठा फायदा, आणि ज्याला पैसे मिळाल्याबरोबर बाजारात खर्च करावे लागतात त्याच्या हातात सगळ्यांत कमी. अर्थव्यवस्थेला धक्का द्यायचा तर पैसा कुणाच्या हातात पडतो हे आधी बघावं लागतं. एसटीनं कामावर जाणाऱ्या बाईच्या हातात या सवलतीतून काही पडत नाही.

रोजगाराच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉप वाहनांच्या सुट्या भागांवर जगतात. चाकणला गाड्या जास्त निघाल्या की इथं तिसरी पाळी लागते. माझ्या एका क्लायंटकडे दिवाळीआधी सात महिन्यांनी ओव्हरटाइम सुरू झाला, त्याचं मस्टर मीच बघते, आणि मला बरं वाटलं. पण त्यानं माणसं वाढवली का? नाही. मी विचारलं तर म्हणाला, "म्याडम, हे शेड्यूल उन्हाळ्यापर्यंत टिकलं तर बघू. मागच्या वेळी दोन सीएनसी मशीन घेतल्या, त्यांचे हप्ते अजून फेडतोय." रोज मशीनशी उभा राहणारा माणूस जेवढं जपून बोलतो, तेवढं मेसेज लिहिणाऱ्यानं बोलायला हवं होतं. दहा घरांचा आकडा कुठून आणला याचा मेसेजमध्ये पत्ता नाही.

आणि ३१ मार्च? २२ सप्टेंबरपासून लागू झालेल्या या दरांना कुठलीही शेवटची तारीख लावलेली नाही. एप्रिलमध्येही १८ टक्केच असणार. मार्चअखेर विक्रीचं टार्गेट शोरूमला असतं, तुम्हाला नसतं.

भाऊ आता दोन मनांत आहे. गाडी घेऊ नको असं मी त्याला म्हटलेलं नाही, आईला घेऊन दवाखान्यात जायला गाडी लागते हे मलाही कळतं. मी म्हटलं, पुढचे सहा महिने दर महिन्याला ९,८०० वेगळे काढून ठेव, कुठं ओढाताण होते ते बघ. बुकिंगचे अकरा हजार परत मिळतात का, हे विचारायला तो उद्या शोरूमला जातोय. पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांतल्या अटींचा फोटो आज रात्री पाठवतो म्हणालाय.