‘बारोमास’ला बीटीच्या खात्यात घालू नका

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ या कादंबरीबद्दल एक मजकूर गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो: ‘बीटी कपाशीनं कर्जात बुडालेल्या अडाणी शेतकऱ्याची कहाणी. पैसा लग्नात अन् दारूत उडाला. पॅकेजच्या हवेत अकादमी मिळाली.’ चार ओळींत इतक्या चुका बसवायलाही कसब लागतं.

तारखाच बघा. कादंबरी 2002 ची. बीटी, म्हणजे जनुकं बदललेल्या, कपाशीला केंद्राची परवानगी मिळाली मार्च 2002 मध्ये, म्हणजे त्या बियाण्याची पहिली अधिकृत पेरणी आणि हे पुस्तक एकाच सालातले. साहित्य अकादमी पुरस्कार 2004 चा. शेतकऱ्यांसाठीचं पंतप्रधानांचं 3,750 कोटींचं पॅकेज बुलडाण्यासह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना जाहीर झालं जुलै 2006 मध्ये. पॅकेजची हवा ओळखायला अकादमीला पंचांगच उघडावं लागलं असतं.

अडाणी कोण? कादंबरीचा नायक एकनाथ तनपुरे एम.ए., बी.एड. आहे. मास्तरकीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत, म्हणून तो शेतात. घरात नवऱ्यानं नोकरीच करावी म्हणणारी शिकलेली अलका. त्याची पदवी ना शाळेत चालली, ना शेताच्या धुऱ्यावर. कादंबरीचा जीव इथं आहे आणि मजकुरानं नेमकं तेच गाळलं.

आता लग्न आणि दारू. असा खर्च होत नाही असं कुणी म्हणत नाही, पण कोरडवाहू शेतकऱ्याचा हिशेब त्याच्या आधीच बिघडतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पेरणी लांबली की मूग-उडीद हातचा जातो, म्हणून माणूस जुगार खेळतो. सोयाबीनचं बी एकरी 30 किलो, तीन ते पाच सेंटिमीटर खोल. जास्त खोल पडलं, किंवा पेरल्यावर जोराचा पाऊस येऊन मातीवर पापडी धरली, तर कोंब वर येत नाही. आलाच आणि पंधरा दिवस उघाड पडली, तर करपतो. मग दुबार पेरणी: बियाणं, तिफन, मजुरी सगळं पुन्हा. बँकेचं पीककर्ज मात्र हंगामाला एकदाच. दुसऱ्या खेपेचा पैसा कृषी केंद्राच्या उधारीतून नाहीतर सावकाराकडून येतो, आणि तो फेडायला माल काढल्या काढल्या विकावा लागतो, नेमका भाव पडलेला असताना.

मजकुरामागचा ‘विदर्भ म्हणजे कापूस’ हा समजही अर्धवटच. देशमुख बुलडाणा जिल्ह्यात चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. त्या भागात सोयाबीन, तूर, मूग, उडीद असं सगळंच पिकतं.

आणि हवा पाहून लिहिणारा लेखक म्हणावं, तर त्यांची पाणीटंचाईवरची ‘तहान’ ही कादंबरी 1998 ची. तेव्हा पॅकेजचं नावही कुणी घेत नव्हतं.