हँक ॲरनचा विक्रम नुसत्या वर्षांचा नाही

बेसबॉलच्या चर्चांत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे: अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या हँक ॲरनने आधीच्या पिढीतल्या बेब रूथचा ७१४ होमरनचा (चेंडू कुंपणाबाहेर टोलवणाऱ्या फटक्यांचा) विक्रम मोडला तो फक्त जास्त वर्षं खेळून, एका मोसमात ५० होमरन त्याला कधी जमले नाहीत, अटलांटाचं मैदान सोपं होतं, आणि होमरन वगळले तर त्याच्याकडे उरतं काय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. ॲरनच्या नावावर ३,७७१ हिट्स (बेस गाठून देणारे फटके, होमरन धरून) आहेत. त्यातून सगळे ७५५ होमरन काढून टाका, उरतात ३,०१६. तीन हजार हिट्सपर्यंत फार थोडे खेळाडू पोहोचले, आणि होमरन धरूनही रूथच्या हिट्स २,८७३ आहेत. १९५६ आणि १९५९ मध्ये नॅशनल लीगमधली (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) फलंदाजीची सर्वोत्तम सरासरी ॲरनची होती. क्षेत्ररक्षणासाठी तीन गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, चोरलेले (फटक्याविना धावून मिळवलेले) २४० बेस. १९५७ ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, त्याच्या मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाने जिंकली, तेव्हा त्या मालिकेत त्याची सरासरी .३९३ होती आणि त्याने तीन होमरन मारले. ६,८५६ टोटल बेसचा (हिट्समधून मिळवलेल्या एकूण बेसचा) त्याचा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही.

संधी जास्त मिळाल्या, हे खरं. रूथचे ॲट-बॅट (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या संधी) ८,३९९, ॲरनचे १२,३६४. संपूर्ण कारकिर्दीत ॲट-बॅटमागे होमरनचं प्रमाण पाहिलं तर रूथच पुढे आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पण या संधी कुणी बसल्या जागी देत नाही. १९५५ ते १९७४ असे सलग वीस मोसम त्याने किमान २० होमरन मारले. कारकिर्दीतले सर्वाधिक ४७ आले १९७१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. १९७३ मध्ये तो एकोणचाळीस वर्षांचा होता, तेव्हा ३९२ ॲट-बॅटमध्ये ४०, म्हणजे दहा ॲट-बॅटच्याही आत एक. रूथच्या कारकिर्दीचं प्रमाण बारा ॲट-बॅटमागे एकच्या आसपास आहे. रेटत राहणाऱ्या खेळाडूचे आकडे असे नसतात.

पन्नासचा आकडा त्याने कधी गाठला नाही, कबूल. पण चार वेगवेगळ्या मोसमांत ४४ मारणाऱ्याला यावरून कमी लेखणं मला पटत नाही.

मैदानाचं म्हणाल, तर अटलांटात चेंडू लांब जायचा हे खरंच. मात्र ब्रेव्ह्ज मिलवॉकीहून तिथे आले १९६६ मध्ये, आणि तोवर ॲरनचे ३९८ होमरन मारून झाले होते. घरच्या मैदानावर ३८५, बाहेर ३७०: एवढा किरकोळ फरक.

तुलनाच करायची तर हेही धरा की रूथ ज्या लीगमध्ये खेळला तिथे कृष्णवर्णीय पिचरना (चेंडू टाकणाऱ्यांना) प्रवेशच नव्हता. ॲरनसमोर बॉब गिब्सन होता, हुआन मारिचल होता, सँडी कूफॅक्स होता. डॉन ड्रिस्डेलसारख्या पिचरला त्याने १७ होमरन मारले.

आणि विक्रमाजवळ येताना त्याच्यावर काय कोसळत होतं, ते हा मजकूर सांगतच नाही. एका कृष्णवर्णीय माणसाने रूथला मागे टाकू नये म्हणून त्याला वर्णद्वेषी शिव्यांची, ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. संरक्षणाला पोलीस ठेवावा लागला. १९७३ चा मोसम संपला ७१३ वर, म्हणजे हे सगळं अख्खा हिवाळा सोसणं आलं. पुढच्या मोसमात, ४ एप्रिल १९७४ रोजी सिनसिनाटीत, पहिल्याच फटक्यावर त्याने ७१४ वा होमरन मारला आणि ८ एप्रिलला अटलांटात ७१५ वा.