गुडघेदुखी, मशीन आणि तो व्यायामाचा कागद

"फिजिओथेरपी करून बघितली, काही उपयोग झाला नाही." गुडघेदुखीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. मी याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: करून बघितली म्हणजे नेमकं काय केलंत? उत्तरही बहुतेक ठरलेलं. आडवं झोपवलं, शेक दिला, गुडघ्याला पॅड चिकटवून मशीन लावलं, मुंग्या आल्यासारखं झालं, थोड्या वेळाने मशीन वाजलं, उठून घरी. निघताना हातात व्यायामाचा एक छापील कागद.

त्या कागदाचं पुढे काय झालं, हे विचारायची गरजच नसते.

माझं म्हणणं सरळ आहे. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे झिजेच्या संधिवातात, व्यायाम हाच उपचार आहे. शेकाने थोडं बरं वाटतं, जरूर घ्या, पण तो उपचार नाही. ज्या फिजिओथेरपीत तुम्ही सगळा वेळ झोपून होतात आणि काम फक्त मशीनने केलं, तिचा उपयोग झाला नाही याचं मला नवल वाटत नाही. मात्र त्यावरून "माझं फिजिओ करून झालं, आता ऑपरेशनच" असा निष्कर्ष कोणी काढला की जीव तुटतो. तुमच्यावर उपचार सुरूच झाला नव्हता हो.

हे माझं एकटीचं मत नाही. इंग्लंडमधली 'नाइस' ही संस्था उपचारांचे पुरावे तपासून डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढते. ऑस्टिओआर्थ्रायटिसवरच्या २०२२ च्या सूचनांत त्यांनी स्पष्ट म्हटलंय की प्रत्येक रुग्णाला त्याच्या गरजेनुसार आखलेला व्यायाम द्या. त्याच सूचनांत टेन्स आणि आयएफटी (पॅड चिकटवून विजेचा सौम्य प्रवाह देणारी), अल्ट्रासाउंड, लेझर ही मशीनं देऊ नका असंही आहे, कारण फायदा होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या नकोत. ज्याला लोक वंगणाचं इंजेक्शन म्हणतात, ते हायल्युरोनिक अ‍ॅसिडही नको. हाताने सांधा मोकळा करण्याचे उपचार चालतील, पण व्यायामाच्या जोडीला, नुसते नाहीत. (मशीनं घेऊन बसलेल्या माझ्या व्यवसायबंधूंना हे वाचून राग येईल. येऊ दे. मशीन एकाच वेळी चार जणांना लावता येतं आणि व्यायाम शिकवताना एकाच माणसासमोर उभं राहावं लागतं, खरं कारण हे आहे आणि ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.)

आता दुखणाऱ्या गुडघ्यावर मुद्दाम भार टाकायचा हे ऐकायला उफराटं वाटतं, मान्य. पण कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव कूर्चेत आत-बाहेर व्हायला सांध्यावर भार यावा लागतो आणि सुटावाही लागतो. गुडघा हलवायचाच नाही, असं ठरवून तो जपणाऱ्यांची कूर्चा काही जपली जात नाही.

शिवाय गुडघ्याचं दुखणं एकट्या कूर्चेचं नसतं. मांडीच्या पुढच्या भागातला क्वाड्रिसेप्स हा मोठा स्नायू गुडघ्यावर येणारा धक्का झेलत असतो. गुडघ्याला सूज आली की मज्जासंस्था या स्नायूला आपोआप लगाम घालते. १९८४ मध्ये निरोगी माणसांच्या गुडघ्यात सलाइन सोडून हे तपासलं होतं. अवघं २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी आत गेलं आणि मांडीच्या आतल्या बाजूचा भाग मंदावला. त्या गुडघ्यांमध्ये झीज नव्हती, काही नव्हतं. म्हणजे सुजलेला गुडघा घेऊन फिरणाऱ्या माणसाची मांडी का वाळते, यात आळसाचा भाग फारच थोडा. मांडी वाळली की धक्का सांध्यावर येतो, मग जास्त दुखतं, मग चालणं कमी होतं, मग मांडी आणखी वाळते. हे चक्र बाहेरून मशीन लावून तुटेल कसं?

कोणी माझ्याकडे आलं की मी फाइल उघडण्याआधी ती व्यक्ती खुर्चीवरून कशी उठते ते बघते. तुम्हीही घरात बघा. आधी दोन्ही हात मांड्यांवर किंवा खुर्चीच्या दांडीवर जातात. दुखरा पाय नकळत थोडा पुढे सरकतो, म्हणजे उठायचं सगळं काम दुसऱ्या पायावर. शरीर वर येताना गुडघा आतल्या बाजूला कलतो. तिथे खुब्याच्या बाजूचे स्नायू कमी पडत असतात, दोष एकट्या गुडघ्याचा नसतो. आणि बसताना शेवटच्या वीतभर अंतरात माणूस स्वतःला सोडून देतो, धपकन. भार धरून हळूहळू खाली येण्याची ताकदच उरलेली नसते. पायऱ्या चढताना चालतं पण उतरताना जीव जातो, असं म्हणणाऱ्यांचं पुष्कळदा हेच असतं.

मग व्यायाम तिथूनच सुरू करायचा. खुर्चीवर उशी ठेवून बैठक इतकी उंच करायची की हात न टेकता उठता येईल. दोन्ही पावलं एका रेषेत, गुडघा पावलाच्या दिशेतच राहील याकडे लक्ष. उठायला वेळ कमी लागला तरी चालेल, बसताना मात्र मनात चार आकडे मोजत बसायचं. शेवटच्या एक-दोन वेळांना मांडी भरून आली पाहिजे, नाहीतर ते फार सोपं झालं. सोपं झालं की उशी काढायची. मग हातात वजन घ्यायचं. मग चांगला पाय थोडा पुढे ठेवून दुखऱ्या पायाला जास्त काम द्यायचं. जोडीला खुब्याचे व्यायाम, पोटरीसाठी टाचा उचलणं, कमी उंचीच्या पायरीवर चढ-उतर, आणि रोज झेपेल तेवढं चालणं किंवा सायकल.

आता यासमोर तो कागद ठेवा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबा, झोपून पाय सरळ उचला, दहा-दहा वेळा. वाईट आहे का? अजिबात नाही. फार दुखत असताना सुरुवात यानेच करावी. पण वर्षभराने भेटलेला माणूस तोच टॉवेल तितकेच वेळा दाबतोय आणि म्हणतोय की व्यायाम नियमित चालू आहे, तेव्हा काय बोलावं कळत नाही. रक्तदाबाच्या गोळीचा डोस डॉक्टर मोजमाप बघून बदलतात. व्यायामाचा डोस बदलायला कोणी बघतच नसेल, तर तो कागद लिहून देणाऱ्याने काय दिलं? पन्नाशीतल्या धावणाऱ्यालाही तोच कागद आणि काठी घेऊन आलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींनाही तोच.

सगळ्यात मोठा अडसर असतो भीतीचा. व्यायाम करताना दुखलं की लोक थांबतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण दुखणं म्हणजे आणखी झीज असंच त्यांना वाटत असतं. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम चालतो. आधी दोन सत्रं नुसती आजार समजावून सांगण्याची आणि मग देखरेखीखाली व्यायामाची बारा, साधारण सहा आठवड्यांत. तिथे दुखण्याचा हिशेब सरळ ठेवला आहे. शून्य ते दहाच्या मापावर व्यायाम करताना दुखणं पाचपर्यंत गेलं तरी चालेल, आणि चोवीस तासांत ते नेहमीच्या पातळीवर परत यायला हवं. आलं नाही, तर पुढच्या वेळी भार कमी करा, व्यायाम बंद करू नका. मला हा नियम फार आवडतो. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला "अजिबात न दुखता व्यायाम करा" असं सांगणं म्हणजे व्यायाम करू नका असं सांगणंच.

या भीतीला खतपाणी घालतो एक्स-रे. त्यात दिसणाऱ्या झिजेची शून्य ते चार (चार म्हणजे सगळ्यात जास्त) अशी जी प्रतवारी करतात, ती केल्ग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडली. गंमत अशी की प्रतवारी आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. चौथ्या ग्रेडचा गुडघा घेऊन मजेत फिरणारी माणसं आहेत आणि दुसऱ्या ग्रेडला रात्रभर तळमळणारीही आहेत. रिपोर्टवर 'ग्रेड ४' वाचून ज्यांनी जिना सोडला, फिरणं सोडलं, त्यांचं नुकसान झिजेने कमी आणि त्या आकड्याने जास्त केलंय.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगेलच. व्यायाम ही जादू नाही. २०२४ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा आला, १३९ चाचण्या आणि बारा हजारांवर माणसं. १०० गुणांच्या मापावर खोट्या (प्लासिबो) उपचारांच्या तुलनेत वेदना सरासरी आठ-नऊ गुणांनी जास्त कमी झाली, आणि एवढा फरक रुग्णाला खरंच जाणवण्याइतका आहे का, याबद्दल लेखकांनी स्वतःच शंका ठेवली आहे. जड वजन घेऊन केलेला व्यायाम हलक्यापेक्षा सरस ठरेल अशी माझ्यासारख्या अनेकांची अपेक्षा होती. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ३७७ जणांवरच्या चाचणीचे निकाल आले, त्यात अठरा महिन्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. तेव्हा जिममध्ये जाऊन मोठ्या प्लेटा उचलायलाच हव्यात असं काही नाही. मी भार वाढवायला सांगते तो एवढ्यासाठी की जिना चढायला आणि खाली वाकून काही उचलायला तेवढी ताकद लागतेच, दुखणं किती गुणांनी कमी झालं ते नंतर बघू. सरासरीत काहींना भरपूर फायदा आणि काहींना जवळजवळ शून्य, असे दोघेही असतात.

पण मग बाकीच्या उपायांनाही हीच फूटपट्टी लावा ना. २०२० मध्ये १५६ रुग्णांवर स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि फिजिओथेरपी यांची तुलना झाली. वर्षभराने वेदना आणि हालचाल दोन्हींत फिजिओथेरपीचा गट पुढे होता. दुर्बिणीतून गुडघा "साफ" करण्याच्या शस्त्रक्रियेचं तर २००२ मध्येच पितळ उघडं पडलं. १८० रुग्णांपैकी काहींना फक्त कातडीवर छेद देऊन शिवून टाकलं, आत काहीच केलं नाही, आणि दोन वर्षांपर्यंत खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्यापेक्षा जास्त आराम पडला नाही. वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडावर काय परिणाम होतो ते वेगळं सांगायला नको. व्यायामाचा फायदा मध्यम असेल, पण त्याचे दुष्परिणाम शोधायला गेलात तर उलट झोप सुधारते, साखर आटोक्यात येते, पडण्याचा धोका कमी होतो.

वजनाबद्दल थोडक्यात, कारण हे ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटलेत. शरीराचं एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. वीस किलो उतरवायची गरज नाही, थोडंसुद्धा मोजलं जातं. आणि वजन उतरत नाही म्हणून व्यायाम सोडायचा नाही; मांडीला वजनकाटा दिसत नाही.

ऑपरेशनच्या मी विरोधात नाही, हे मुद्दाम लिहिते. सांधा बदलल्यावर माणसं पुन्हा चालायला लागलेली मी पाहते आणि मलाही आनंद होतो. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सांधाबदल करण्यायोग्य शंभर जणांवर चाचणी झाली. निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि त्यानंतर व्यायामासह बाकीचे उपचार, निम्म्यांना फक्त ते उपचार. वर्षभराने शस्त्रक्रियेच्या गटाची वेदना नक्कीच जास्त कमी झाली होती, गंभीर गुंतागुंतही त्याच गटात जास्त झाली. आणि शस्त्रक्रियेविना उपचार मिळालेल्या गटातल्या पन्नासपैकी फक्त तेरा जणांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं. उरलेल्या सदतीस जणांचं त्या वर्षात ऑपरेशनविना निभावलं. व्यायामाचा पुरता प्रयत्न करूनही रात्रीची झोप उडत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल, तर ऑपरेशन करून घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. मांडीत जी ताकद कमावली असेल ती नंतर उठून चालायला कामाला येतेच.

मात्र "पुरता प्रयत्न" म्हणजे निदान तीन महिने, आठवड्यातून तीन वेळा, आणि कोणीतरी समोर उभं राहून बघणारं. पहिले दोन-तीन आठवडे दुखणं थोडं वाढतंसुद्धा, हे आधीच सांगून ठेवते. फिजिओथेरपिस्ट निवडताना एवढंच बघा की त्यांनी पहिल्या भेटीत तुम्हाला उठवून, चालवून, पायरीवर चढवून पाहिलं का आणि पुढच्या भेटीत व्यायामात काही बदल केला का. दोन्हींची उत्तरं नाही असतील तर खुशाल दुसरीकडे जा.

गुडघा अचानक लाल होऊन गरम झाला, ताप आला, किंवा सांधा अडकून बसला तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि कृपा करून इनबॉक्समध्ये एक्स-रेचे फोटो पाठवू नका. लिहायचंच असेल तर एवढं लिहा: चढताना दुखतं की उतरताना, सकाळी उठल्यावर गुडघा किती वेळ आखडलेला असतो, आणि हात न टेकता खुर्चीवरून सलग किती वेळा उठता येतं. आखडणं अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर दुसऱ्या प्रकारचा संधिवात नाही ना, हे आधी तपासून घ्यावं लागेल.